थर्मामीटरातला घाम

हळर्ण, पेडणे
१२ नोव्हेंबर १९८७

प्रिय बाबली यास दत्तप्रसादचा सप्रेम नमस्कार,

तुझी कंबर आता कशी आहे? मुळगावची शेती, वहिनी, मुलं सगळी खुशाल असोत. (रागावलेल्या माणसाच्या कंबरेची चौकशी करू नये असा काही कायदा नाही.)

दीड वर्ष झालं, आपण बोललो नाही. मधे आपल्या गोव्याचं वेगळं राज्य झालं, पेढे वाटले गेले. तुझ्या वाट्याचा पेढा मीच खाल्ला, पण खरं सांगतो, गोड लागला नाही. आणि भांडण कशावरून, तर थर्मामीटरवरून! आठवतं ना, सगुण मास्तर फळ्यावर तो शब्द फणसासारखा मधोमध चिरायचे. थर्मोस म्हणजे गरम, मेट्रॉन म्हणजे माप, दोन्ही ग्रीक. मग डोळे मिचकावून म्हणायचे, "पण थर्मोस आणि आपला संस्कृत घर्म एकाच कुळातले रे, आणि घर्माचा झाला घाम. साहेबाच्या थर्मामीटरात आपला घाम आहे!" काय छाती फुगायची आपली! अख्खा वर्ग घामसुद्धा अभिमानाने पुसायचा. कसले दिवस होते ते! आणि त्याच घामावरून, राजभाषा मराठी की कोंकणी या मोर्चांच्या धामधुमीत, पेडण्याच्या बसस्टँडवर मी म्हटलं, तो घाम मराठी. तू म्हणालास, कोंकणी. (शब्द दोन्हीकडे तोच. बैल आपण दोघेही.)

शेवटी आमची सौ. प्रभावती वैतागली. "त्या थर्मामीटराचा सोक्षमोक्ष देवाकडेच लावा," म्हणाली. म्हणून परवा देवळात कौल लावायला गेलो. गुरवाने देवाला पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर मराठी, डावी पडली तर कोंकणी. तास झाला, एक पाकळी हलेल तर शपथ! गुरवच तापला. "भांडण दोगांचें आनी कौल एकट्याक? दुसऱ्याक घेवन ये!" (नारळ मात्र ठेवून घेतला.)

तेव्हा येत्या सोमवारी ये. शेजारी उभे राहून विचारू.

तुझाच (अजूनही),
दत्तप्रसाद

ता. क. : हट्ट सोडलेला नाही. घाम मराठीच.

ता. क. २ : कौल राहू दे. शाळेचा तो एकुलता एक थर्मामीटर उकळत्या पेजेत मी बुडवला होता. फुटल्यावर मी पळालो, तुकडे तुझ्या हातात सापडले. छड्या तू खाल्ल्यास आणि माझं नाव घेतलं नाहीस. चोवीस वर्षं मी गप्प बसलो, त्याची लाज वाटते. इथे मराठीत लिहिलं खरं, पण तुझ्यासमोर उभं राहून तोंडाने सांगायचं आहे, आपल्या घरच्या कोंकणीत. ये रे.