दसऱ्याचा काळा रंग

पांडेसरा, सुरत
ता. २ नोव्हेंबर १९६९

ती. सौ. सरलाअक्का हिस,
भटूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मी खुशाल आहे, फक्त हाताचा ग्रीसचा वास साबणाने जात नाही.

आमच्या गिरणीच्या मगनशेठनी मला रंगखात्यातून काढून पिकअप गाडीवर क्लीनर केलं, हे मागे कळवलंच होतं. ड्रायव्हर राघोकाका आपल्या शिरपूरकडचे. दिवाळीनंतर स्टेअरिंग शिकवतो म्हणाले होते. पण अक्का, गाडी रुसली आहे. सुरू करायला सेल्फ दाबला की टक् होतं, इंजिन अर्धा वेढा घेतं आणि गप्प. एरवी दिवा लागतो, हॉर्न वाजतो. सेल्फ दाबला की दिवा विझायला येतो. रोज सकाळी सुकदेव आणि रंगखात्यातले आणखी पाच जण मागून ढकलतात, तेव्हा दहा पावलांत सुरू होते. म्हणजे पेट्रोल येतंय, ठिणगी पडतेय. ते सहा जण मला काय काय बोलतात ते इथे लिहीत नाही.

बॅटरी चार्ज करून आणली. प्लग घासले. सेल्फ उतरवून उधन्याला नेला, तर मिस्त्रीच्या टेबलावर तो भिंगरीसारखा फिरला. गाडीत बसवला की पुन्हा टक्. दसऱ्यापर्यंत ठणठणीत होती गं. पूजेसाठी मीच तिला धुतली, बोनेटखालचं सगळं लोखंड काळ्या ऑइलपेंटने रंगवलं. आतल्या पट्ट्यांचे बोल्ट खोलून त्यांच्याखालीसुद्धा दोन-दोन हात दिले. शेठनी खूश होऊन पेढे दिले. काका म्हणतात, एवढी चकाकली म्हणून दृष्ट लागली. लिंबू-मिरची बांधून झाली.

लाभपाचमेला इथले व्यापारी धंद्याचा मुहूर्त करतात. त्या दिवशी बारडोलीचा एक व्यापारी गाडी बघायला येतोय. तोवर जमलं नाही तर त्याला देऊन टाकतो, असं शेठ म्हणाले. मग राघोकाका या वयात घरी आणि मी परत रंगाच्या हौदावर. म्हणून भाऊबीजेला येणं होत नाही. मायला तू समजाव.

लोभ चालू ठेव, धक्का मारायला लावू नकोस.
तुझा
भटू


दोंडाईचा
ता. ५ नोव्हेंबर १९६९

चि. भटूस,
सरलाअक्काचे अ. उ. आ.

पत्र वाचून मायला दाखवलं. ती म्हणाली, चौथीतून शाळा सोडून पळाला तो अजून पळतोच आहे, आता तर गाडीच्या मागे. भाऊबीजेला येत नाहीस म्हणून मी रागावले आहे. करंज्या सगळ्या आम्हीच खाणार.

इकडेही दिवाळीचा रंग चढला आहे. तुझ्या दाजींनी सायकलला हिरवा रंग दिला. एवढ्यावर थांबतील तर ते दाजी कसले. दिव्याचा डायनॅमो उतरवला, त्याच्या पट्टीखालीही रंग फासला. संध्याकाळी दिवा लागेना. बल्ब बदलला, वायर बदलली, घरात सगळ्यांवर चिडून झालं. शेवटी सायकलवाल्याने पट्टी सोडून खालचा रंग कानशीने खरवडला आणि दिवा लख्ख लागला. तो म्हणाला की वायर एकच असते, वीज परत येते ती सायकलच्या लोखंडातून. मध्ये रंग आला की तिची वाट बंद. हिरव्या खपल्या अजून ओट्यावर पडल्या आहेत. मी मुद्दाम झाडल्या नाहीत, दाजी आले-गेले की दाखवते.

तू हिंमत सोडू नकोस. वेळेवर जेव. लोभ आहेच, कान धरायचा हक्कही राहू दे.
तुझी
सरलाअक्का


पांडेसरा, सुरत
ता. १५ नोव्हेंबर १९६९

ती. सौ. सरलाअक्का हिस,
भटूचा शि. सा. न. वि. वि., आणि दाजींना दोन नमस्कार जास्तीचे.

तुझं पत्र धनतेरसेला आलं. उभ्यानेच वाचत होतो. सायकलच्या वायरीपाशी आलो आणि करंज्यांचं दुःख तिथेच विसरलो. अक्का, आमच्या बॅटरीचीही एक पट्टी तशीच बोल्टने गाडीच्या लोखंडाला बांधलेली असते. काकांना सेल्फ दाबून धरायला सांगितला आणि त्या बोल्टला हात लावला, तर तो तापलेला, बोटाला चटका बसला. बोल्ट सोडला. खाली माझाच काळा रंग, आरशासारखा. दिव्या-हॉर्नपुरती वीज कशीबशी निघत होती, सेल्फला लागते तेवढी जाणार कुठून? पांढरं लोखंड दिसेपर्यंत खरवडलं, पट्टीही घासली, बोल्ट आवळला.

सहा जण सवयीने मागे हात टेकून उभेच होते. मी त्यांना सांगितलं नाही. काकांनी सेल्फ दाबला, गाडी गुरगुरून निघून गेली आणि सुकदेव धुळीत पालथा. उठल्यावर त्याने मला मारलं, मग मिठी मारली.

खरी पंचाईत पुढे. दिवाळीत शेठ गावी, ते थेट लाभपाचमेला आले, सोबत व्यापारी. सेल्फवर गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली, तसा व्यापारी जास्तच खूश. आजच नेतो म्हणाला. काका मला खुणावत होते की बोलू नकोस, पहिलं काम तुझंच जाईल. मला राहवलं नाही. दोघांसमोर सांगितलं की गाडीत कधी दोषच नव्हता, दोष माझ्या ब्रशचा होता, तेव्हा विकायचं कारण उरलेलं नाही. हौदावर पाठवायचं तर मला एकट्याला पाठवा.

शेठनी बोनेट उघडायला लावलं, तो खरवडलेला भाग बोटाने चाचपला. मग व्यापाऱ्याला पेढा देऊन म्हणाले, गाडी विकायची नाही. मला म्हणाले, पुढच्या दसऱ्याला तू नुसता हार घालायचास. काकांना म्हणाले, याला उद्यापासून शिकवा, कारण सगळे बोल्ट याने एकदा सोडलेलेच आहेत.

आज सकाळी गिरणीच्या आवारात चार फेऱ्या मारल्या. एकदा भिंतीला थोडं लागलं, ते मायला सांगू नकोस.

भाऊबीजेची ओवाळणी राहिली होती, ती पाकिटात कागदाच्या पुडीत घातली आहे. काळी खपली आहे, जपून उघड. ओट्यावर दाजींच्या हिरव्या खपल्यांशेजारी ठेव.

लोभ असाच खेळता राहू दे.
तुझा
भटू