प्लग काढल्यावरचा उजेड

सोमवार, ४ तारीख
रात्रभर झोपले नाही, पण आनंदानं. पहिल्यांदा स्वतःच्या खोलीची किल्ली मिळाली, ती मुठीत धरून लोळत राहिले. छकुलीचे बाबा वारल्यापासून दादाकडे होतो. वहिनी बोलायची नाही काही, नुसती भांडी आपटायची. इथे पुढे रेडिओ दुरुस्तीचं बंद दुकान, मागे आमची खोली. काम झाडलोटीचं. मालकीणबाई म्हणाल्या, एक जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा रेडिओ तेवढा बिघडलाय, नुसता गुणगुणतो आणि तापतो. दादाच्या दुकानात मी लहानपणापासून तारा सोलल्यात. म्हटलं, बघते की.

बुधवार, ६
दादाला फोन केला. तो म्हणाला, वायरीत मध्ये बल्ब जोड, सगळे व्हॉल्व्ह काढ, मग चालू कर. व्हॉल्व्ह काढले म्हणजे करंट खाणारे सगळे उठले. तरी बल्ब पेटला तर चोर ट्रान्सफॉर्मरच.
पेटला. पण मोठा होतो, बारीक होतो. दादा हसला, म्हणाला तुझाच हात हलत असेल, वेंधळे.
खोलीत गारठा आहे. ट्रान्सफॉर्मर छान कोमट, म्हणून छकुलीला त्याच्याशेजारी निजवलं. गुणगुण ऐकून लगेच झोपली. दिवसभर बोलायला कुणी नाही. मलाही ती गुणगुण बरी वाटते.

शुक्रवार, ८
छकुली दूध पीत नाही. रडतही नाही. पाय गार. ट्रान्सफॉर्मरला मात्र हात लाववत नाही इतका तापलाय. बल्बकडे बघत बसले. ती श्वास घेते तेव्हा मोठा होतो. सोडते तेव्हा बारीक.
प्लग काढला.
बल्ब तसाच.

शनिवार
दादाला विचारलं. तो म्हणाला, ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो गं, मागून करंट दिला तर पुढे येतो. कुठून येतोय ते शोध. मला माहीत होतं कुठून. फोन खिडकीत ठेवून दिला.
तिला उचलून बाहेर पळाले. पायरीवरच तिचा श्वास अडकला, ओठ निळे — परत आणून ट्रान्सफॉर्मरशेजारी ठेवली. श्वास चालू झाला.

रविवार
वायर कापली — बल्ब गेला, तीही गेली — पुन्हा जोडली —
माझा हात ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडावर ठेवला की ती गुलाबी होते. आता मला खातोय. खाऊ दे. हात काढला की ती —

सोमवार असेल
वही मांडीवर. फोन खिडकीत, हात पोचत नाही. बोटं कळत नाहीत.
कुणी वाचत असेल तर माझ्या दादाला फोन करा. नंबर शटरवर आतून खडूनं लिहिलाय. सांगा, माझा हात काढायचा नाही. मी हलत नसले तरी काढायचा नाही. बल्ब पेटलाय तोवर छकुलीला दूध —