जुळता नंबर

७ सप्टेंबर, बुधवार
पोचलो एकदाचा! बसने मोठ्या रस्त्यावर सोडलं, तिथून जंगलातून पायी. वाटेत ब्लूबेरी अजून शिल्लक होत्या, मग काय, ओंजळी भरभरून खात बसलो. संध्याकाळी निळेशार दात घेऊनच दारात उभा राहिलो. अल्गोत हेडलिंडने आधी दातच पाहिले, मग हसला. जुन्या लष्करी रायफलींची पारख करणारा असा माणूस अख्ख्या व्हेर्मलांड प्रांतात नाही म्हणतात. त्याला मदतनीस हवा होता. मी फोन केला तेव्हा त्याने नाव विचारलं नाही, गाव नाही, आधी जन्मनंबर, तो सरकारी ओळखक्रमांक, विचारला. दिला. आपल्याकडे दंतवैद्यापासून वाचनालयापर्यंत सगळेच तो मागतात, आपण पोपटासारखा म्हणून मोकळे. माझे शेवटचे आकडे म्हाताऱ्याने पुन्हा वदवून घेतले. मग म्हणाला, उद्याच्या उद्या ये, पोरा, बाकी कोणाला मी बघतच नाही.

घर सांभाळते त्याची बहीण गुन्वोर. वेलदोड्याचे पाव भाजून ठेवले होते तिने. म्हणाली, ओर्यान नाव का तुझं? घे, पोटात आणखी दोन मावतील. माझ्या पायाला भिंगरी, कुठे बूड टेकत नाही. पण या उबदार खोलीत पहिल्यांदा वाटलं, इथे टेकावं. यंदाचा हिवाळा कुणाच्या गोठ्यात काढायचा नाही.

८ सप्टेंबर
गुरुवार, म्हणजे देशभरच्या रिवाजाप्रमाणे वाटाण्याचं सूप आणि धिरडी. आणि पहिला धडा. रायफलीच्या नळीवर पूर्ण नंबर असतो. बोल्ट, कडी, दस्त्याची पट्टी, अगदी स्क्रूवरसुद्धा त्यातले शेवटचे तीन आकडे ठोकलेले. सगळे जुळले तर अस्सल. एक जरी वेगळा निघाला तर भेसळ. धुऊन-घासून चकचकीत केली तर तीही गेली. तो म्हणतो, पुसलेली रायफल म्हणजे पुसलेला चेहरा.

दुपारी एक शेतकरी वडिलांची रायफल विकायला आला. अल्गोतने भिंग लावलं आणि त्याचं तोंड आंबट झालं. एक स्क्रू बदललेला. शेतकरी गयावया करत म्हणाला, अहो, वडिलांनी जिवापाड जपलीय. अल्गोत म्हणाला, वडील असतील अस्सल, ही नाही. कवडीमोलाने घेतली. शेतकरी फाटकापर्यंत पोचला नसेल तोवर सगळी खोलली, तुकडे वेगवेगळ्या पत्र्याच्या डब्यांत टाकले. मी म्हटलं, बरोबर नंबरचा स्क्रू शोधून लावला असता की. तो म्हणाला, जगाला कळलं नसतं, मला कळलं असतं. भेसळ झाली की सुटे भाग, पोरा. दुसरं काही नसतं.

११ सप्टेंबर
काचेच्या कपाटात एक रायफल एकटीच उभी आहे. दस्ता अक्रोडाचा, हात लावला तर कुत्र्याच्या पाठीसारखा उबदार. नंबराचा शेवट ४१७. माझ्या जन्मनंबराचाही ४१७! मी ओरडलोच. अल्गोतने ती माझ्या खांद्याला लावून पाहिली, हाताची लांबी मापली. गुन्वोर दारातून म्हणाली, बसली बाई एकदाची जोडी.

मग त्याने विचारलं, कधी हाड मोडलंय का? मला वाटलं, पेट्या उचलायच्या असतील. छे, म्हटलं. मग खांद्यावरचा व्रण कसला? काटेरी तार, म्हटलं. खरं तर येव्हले शहरात मोटरसायकलवरून पडलो होतो, खांद्याच्या हाडात स्टीलचा स्क्रू आहे. पण ते सांगितलं असतं तर हमालीला कुचकामी म्हणून उद्याच परत पाठवलं असतं.

१७ सप्टेंबर
गुन्वोरने साबण उचलून नेला. अंघोळ नको म्हणते, कातडीचा मूळ रंग जातो. रोज जवसाचं तेल चोळते, हातांना, गालाला. चोळताना बाही वर सरकली. तिच्या मनगटावर तीन आकडे, ५८२. गोंदलेले नव्हेत, ठोकलेले. मी विचारलं तर म्हणाली, स्वयंपाकाला माणूस लागतं म्हणून माझी खुर्ची शेवटची. कसली खुर्ची, ते सांगितलं नाही.

आज तळ्यावर हंस होते. नीट बघायचे होते, पण अल्गोतने फाटकाबाहेर जाऊ दिलं नाही.

२२ सप्टेंबर
धिरडं खाताना हसलो आणि त्याला माझी दाढ दिसली. चांदी भरलेली. त्याने तोंडात भिंग घातलं. तेच आंबट तोंड. म्हणाला, लहान भाग आहे. काढला तर उणं राहील, पण खोटं नाही राहणार. मला वाटलं, थट्टा. हसलो. गुन्वोरने उठून दार लावलं.

२३ सप्टेंबर
काढली.
डोकं तिने धरलं. पकड तीच, रायफली खोलायची. नंतर त्याने तोंडात दारू ओतली आणि मानेवर थोपटलं, घोड्याला थोपटतात तसं.

२७ सप्टेंबर
बूट नाहीत. खिडकीला खिळे. आज मला मागच्या कोठारात नेलं. अभिमानाने नेलं, दिवा उंच धरून.

ओळीने रायफली. प्रत्येकीमागे खुर्ची. खुर्चीत माणूस, बसवलेला. दस्ता खांद्यात, गाल लाकडाला. तेलाने माणूस आणि लाकूड एकाच रंगाचे झालेत. मनगटावर आकडे, रायफलीवर तेच.

म्हणाला, नळी, बोल्ट, दस्ता एवढंच जमवतात गाढवं. आणि खांदा? खांद्याशिवाय रायफल अपुरी.

शेवटची खुर्ची रिकामी, तिच्यापुढे ५८२. तिच्या अलीकडचीही रिकामी. तिच्यापुढे काचेच्या कपाटातली—

२९ सप्टेंबर
४ — १ — ७. पोलादी ठसे, हातोडी. हाडापर्यंत. डाव्या हाताने लिहितोय.
तो शीळ घालत होता.
म्हणाला, रविवारी बसवू.

नंतर
स्क्रू! च्यायला, स्क्रू! खांद्यातला! बिननंबरी, कारखान्यातला. मी अस्सल नाहीच. भेसळ आहे मी! त्याच्या काही कामाचा नाही. आधी का नाही सुचलं? सकाळी सांगतो. हाकलून देईल. शिव्या देईल, देऊ दे. अनवाणी धावेन, मोठ्या रस्त्यापर्यंत—

३० सप्टेंबर
सांगितलं. त्याने बोटांनी चाचपलं, दाबलं. सापडला. तो खाली बसला. म्हणाला, दाढ काढता येते, खांदा नाही. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खरंच. मग ४१७ उचलली, कपाटात परत ठेवली. कुलूप लावलं.

म्हटलं, मग मी तुमच्या काही कामाचा नाही ना? म्हणाला, नाही. म्हटलं, सोडा मग. त्याचं तोंड तसंच, आंबट—

गुन्वोर रडतेय. मला वाटलं, मी सुटलो म्हणून—

ती डबे धुतेय. पत्र्याचे. ओळीने मांडतेय टेबलावर. इतके कशाला—

त्याने पकड तेलात बुडवली. इकडे येतोय. हळूच बोलतोय, शिकवताना बोलायचा तसं. भेसळ झाली की, पोरा—