दाराखालची चार भोके

मी, खाली सही करणार, वय वर्षे बाहत्तर, धंदा गाड्यांचे पत्राकाम व गंजकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, फूस लावलेली नाही. रागात आहे हे कबूल. पण डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे, आणि राग ही माझी रोजचीच अवस्था असल्याने तिच्यामुळे निर्णय बिघडण्याचे कारण नाही.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीची. तिच्या हयातीत तिला विचारल्याशिवाय तिथली खुर्चीसुद्धा कोणी हलवू नये. ती पैसे कशावर घालवते याची चौकशी मुलांनी करू नये. माझ्यासारख्या तिरसट माणसाबरोबर तिने जन्म काढला आहे.

२. वर्कशॉप, वेल्डिंगचे मशीन, दोन्ही ग्राइंडर व हातोड्यांची पेटी मुलीला. ती पत्रा ठोकते तेव्हा नुसत्या आवाजावरून कळते की हिला काम येते. हे मी तिला कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो. छोटी हातोडी कोणाला उसनी देऊ नये. मागायला कोण येईल ते तिला ठाऊक आहे. मेला परत आणून देत नाही.

३. मुलाला दिवाणखान्यातला टीव्ही. बाकी काही नाही. मी दवाखान्यात पडलो असताना या दिवट्याने भंगारवाल्याला बोलावून माझी स्टेशन वॅगन दाखवली. भंगारवाल्याला लाज वाटली, तो तसाच परत गेला. याला वाटली नाही.

४. सदर स्टेशन वॅगन. आमच्या वडिलांची गाडी, मागे अख्खे कपाट मावेल एवढी लांब. तिच्यावर मी पत्राकाम शिकलो आणि धाकटा भाऊ रंगकाम. वर्कशॉप दोघांचे होते. तिच्या दारांखालच्या पोकळ पेट्या गंजल्या, तेव्हा मी त्या कापून नव्या पत्र्याच्या बसवल्या. तीन वर्षांनी सहज खिशातले चुंबक तिथे लावले, तर ते घसरून खाली पडले. चुंबक पत्र्याला धरते, पुट्टीला धरत नाही. म्हणजे आत गंज, वर पुट्टी, आणि त्यावर धाकट्याचा आरशासारखा रंग. गिऱ्हाइकांसमोर, वडिलांसमोर मी त्याला लबाड म्हणालो. ‘गंजावर पुट्टी थापणारा माझा भाऊ नाही,’ असेही म्हणालो. तो चकार शब्द न काढता आपली रंगाची गन उचलून निघून गेला. याला एकोणीस वर्षे झाली.

गेल्या महिन्यात मी डावीकडची पेटी पुन्हा कापली. आत ओला चिखल निघाला. या पेटीच्या तळाला पाणी निचरायला चार भोके मुळातच ठेवलेली असतात. ती चारही वेल्डिंगने बुजवलेली होती. टाके उजवीकडे झुकलेले, म्हणजे माझेच. भोक दिसले की हात शिवशिवतो आणि ते बुजवून मोकळे व्हायचे, ही आम्हा गंजकामवाल्यांची खोड. पाणी आत कोंडले आणि पत्रा आतून सडला. पुट्टी त्याची होती, पण गंज माझा होता.

सबब गाडी माझ्या पश्चात धाकट्या भावाला द्यावी, सोबत चुंबकही. मी माफी मागितली आहे असे समजावे. तोंडाने मागणार नाही.

५. पुरवणी, आजच्याच तारखेची. वरील मजकूर होतो न होतो तोच मुलीने मला न विचारता तिच्या काकाला वर्कशॉपात आणून उभे केले. त्याने कलम चार उभ्याउभ्या वाचले.

“हे मला तेव्हाच ठाऊक होतं,” तो म्हणाला. “थोरल्याचं काम तीन वर्षांत सडलं, हे बाबांना कळू नये म्हणून मी पुट्टी मारली.”

“मग त्या दिवशी तोंड का नाही उघडलंस?”

“बाबा समोर उभे होते, दादा.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा गेल्यावर तरी सांगायचे होतेस, म्हणून मी ओरडलो.

“दोनदा आलो होतो. तू दार उघडलं नाहीस.”

हे खरे आहे. मी आतच बसलो होतो. हा राग आता कोणावर काढू ते मला कळत नाही.

त्याने खिळ्यावरची किल्ली काढली. मी मेल्यावर ने, असे मी बजावले. “तू कसला मरतोस! तोवर ती पुरती सडेल,” म्हणाला. कापलेल्या बाजूचे दार बसत नव्हते, ते त्याने दोरीने बांधले आणि गाडी सुरू केली. फाटकातून ओरडला, “भोकं मी पाडतो! पत्रा बसवायला तू ये, मला वेल्डिंग जमत नाही!”

सबब कलम चार बाद समजावे. गाडी आता माझ्याकडे नाही. चुंबकही तोच घेऊन गेला.

उद्या सकाळी नऊ वाजता मला त्याच्याकडे वेल्डिंगला जायचे असल्याने या मृत्युपत्राची नोंदणी परवा करावी.

साक्षीदार :
१. शेजारचा टायरवाला (सही)
२. दाखला देणाऱ्या डॉक्टरीणबाई (सही)

ठिकाण : वर्कशॉप, रिकाम्या झालेल्या जागेत
दिनांक : ११ मार्च, बुधवार

सही : माझीच आहे. रागात केली आहे.