सुजेची गोळी

९ जानेवारी, शुक्रवार

मारला. शंतनूच्या तोंडावर ठोसा मारला! मंडळाच्या खोलीत, सगळ्यांसमोर, डाव अर्धा असताना. सोंगट्या जमिनीवर, क्वीन कपाटाखाली.

म्हणाला काय — "इरावती डॉक्टर होणार, यत्या. मग तू कोण? तिचा कंपाउंडर?" आणि हसला. ते हसणंच बंद केलं.

त्याचा दात माझ्या मधल्या बोटाच्या मुळाशी रुतला. एवढीशी चीर. रक्त थांबेना म्हणून बोर्डावरची बोरिक पावडर दाबून भरली. आमच्याकडे कॅरमवाले सगळे हेच करतात.

१० जानेवारी

हात ठणकतोय. आईला सांगितलं, पत्रा लागला. बुधवारी दादरला निवडीचे सामने. निवड झाली तर बँकेच्या टीममध्ये, म्हणजे नोकरी! कॉलेज सोडल्यापासून अप्पा माझ्याशी फक्त ह्याच विषयावर बोलतात. हे पण गेलं तर?

११ जानेवारी, रविवार

बोट भज्यासारखं फुगलंय. लाल, गरम. वाकत नाही. स्ट्रायकर ह्याच बोटाने मारतो मी!

काखेत गाठ आलीय. टरकलो. आईने चाचपून पाहिली — "अवधाण आलंय रे." म्हणजे काय? "जखम हाताला, गाठ काखेत. अंगाचं लक्ष असतं बाबा, आपलं नसलं तरी." ही काय भाषा! मला गाठ नकोय, बोट हवंय.

इराला फोटो पाठवला. परळला डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लगेच फोन! "कशाने झालं?"

"पत्रा."

"नक्की?"

"हो गं."

दात सांगितला तर मारामारी सांगावी लागणार. मारामारी सांगितली तर कोणावरून झाली तेही. आणि ते तर मी तिला अजून सांगितलेलंच नाही.

"धनुर्वाताचं इंजेक्शन घे. आणि उद्या हात दाखवायला ये. येशील ना?" तो 'ना' दिवसभर कानात.

१२ जानेवारी

इंजेक्शन खालच्या दवाखान्यात घेतलं. इराकडे नाही गेलो. तिथले डॉक्टर हात बांधून ठेवणार, मग बुधवार गेला.

अप्पांचे सांधे सुजले की ते एक पांढरी गोळी घेतात. घरात तिचं नावच सुजेची गोळी. घेतली की सकाळी अप्पा टणाटण जिने उतरतात! मग मला काय झालंय? सूजच ना? दोन घेतल्या. संध्याकाळी अजून दोन.

१३ जानेवारी

उतरली!! लाली गेली, बोट वाकतंय. इराला फोटो — "बघा, डॉक्टरीणबाई." तिने अंगठा पाठवला. नुसता अंगठा. एक बदाम पाठवला असता तर काय बिघडलं असतं?

गोळ्या चालूच ठेवतो, उद्याचे सामने होईपर्यंत.

१४ जानेवारी, संक्रांत

पहिली फेरी जिंकलो. दुसरीत स्ट्रायकर बोटाला कळेचना. दुखत नाही, लागत नाही. बोट माझं नाहीच जणू. हरलो. शेजारच्या बोर्डावर शंतनू, ओठाला टाके. माझ्या हाताकडे बघत होता. डिवचलं नाही त्याने. त्याचीच भीती वाटली.

घरी येईपर्यंत हुडहुडी. आईने तिळगूळ दिला तो हातातून पडला. मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघ. सकाळी नव्हती! गोड काय बोलणार? घाबरलोय. खूप.

१५ जानेवारी

वॉर्डात. डाव्या हाताने लिहितोय, कोंबडीचे पाय.

शंतनूने इराला गाठून सांगितलं — "पत्रा नव्हे, माझा दात." दोघं घरी आली आणि मला उचलून इथे आणलं. तिला सगळं कळलंय. कशावरून तेसुद्धा.  विचारलं एवढंच — "काय काय घेतलंस?"

सुजेची गोळी म्हटलं.  भडकलीच.

"सूज हा आजार नव्हे, मूर्खा! दातावरचे जंतू आत शिरले. मग तिथल्या रक्तवाहिन्या मुद्दाम सैल झाल्या, पांढऱ्या पेशी बाहेर पडून जंतू गिळायला लागल्या. लाली, गरमी, ठणका — सगळा त्यांच्या कामाचा गोंगाट. तुझी ती गोळी काय करते? त्यांना घरी पाठवते. मैदान मोकळं!"

मी म्हटलं, मग आता इथल्या इंजेक्शनांनी होईल ना बरं?

जरा निवळली. "अंगात दोन पलटणी असतात. एक शिकलेली. शत्रू कोण ते बघते, अभ्यास करते, आठवड्याने येते. दुसरी जन्मजात. कॉलेज सोडलेली, तुझ्यासारखी. परका दिसला की आधी हाणते. ह्या वेळी तीच हवी होती रे, यत्या."

डॉक्टरांनी बोटाला सुई टोचली. कळली नाही. पुन्हा टोचली. नाही! सकाळी ऑपरेशन. "उघडून बघू, मग ठरवू." काय ठरवणार? अप्पांनी कागद न वाचताच सही केली.

इराला विचारलं, बोट राहील ना? म्हणाली, "दुखायला लागलं, तर समज जिवंत आहे."

देवाकडे दुखणं मागतोय.

१७ जानेवारी

हाताचं नुसतं गाठोडं बांधलंय. ताप उतरतोय. अप्पा खिडकीकडे बघत बोलतात. ते आपणहून काही बोलले हेच नवीन.

१८ जानेवारी, रविवार

दुखतंय! मधलं बोट दुखतंय!! पार नखापर्यंत, कुणी पिरगाळल्यासारखं!

इरा आली तेव्हा ओरडलोच — "दुखतंय गं!" तिने माझ्या कपाळावर हात ठेवला. पहिल्यांदा. आणि पटकन बाहेर गेली. डोळे पुसत होती. माझ्यासाठी!

शंतनूने डबा आणला. त्याला म्हटलं, बरा झालो की डबल्सला तू आणि मीच. तो डब्याचं झाकण लावत बसला. लागतच नव्हतं त्याला.

१९ जानेवारी

ड्रेसिंग सोडलं. मधलं बोट नाहीये.

दुखतंय अजून.