बाटली एकतीसची दोन लेबले

मी, कस्तुरा कोंडीराम ओव्हाळ, वय पासष्ट, राहणार दापोडी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कुणी सांगितले म्हणून नव्हे. डोळे अधू झाले आहेत, बाकी ठीक आहे.

१. दापोडीच्या दोन खोल्या माझे पती कालकथित कोंडीराम यांच्या पश्चात माझ्या नावावर आहेत. त्या व बँकेतली ठेव सून दिपाली आणि मुलगा सिद्धेश यांना समान हक्काने मिळावी. दिपालीचे नाव आधी लिहावे. डोळ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी पिंपरीच्या दवाखान्यात रांगेत तीच उभी होती.

२. चाकणच्या कंपनीत मी बावीस वर्षे पेंट शॉपमध्ये तपासणीला होते. गाडीच्या दाराचा रंग शेडकार्डाशी, म्हणजे ठरलेल्या रंगाच्या नमुन्याशी, जुळतो का, हे पाहणे माझे काम. रद्द झालेली कार्डे सुपरवायझर चिमाजी येळवंडे यांनी मला खाली लिहिलेल्या खेकड्यांच्या कामासाठी घरी नेऊ दिली. "बाई, आता खेकडं रंगवताय व्हय? रस्सा कवा?" असे ते कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांदेखत ओरडत. माझे मोठे पातेले त्यांना द्यावे. रस्सा त्यांनी स्वतः करावा. कार्डांसाठी त्यांचे आभार.

३. प्रवाळावरचे खेकडे माझ्या मालकीचे नाहीत. ते परवानगीने गोळा केलेले असून कॉलेजच्या संग्रहात आहेत. माझे फक्त भिंग, शेडकार्डे, एक कच्ची वही आणि एक पक्की. हे सर्व डॉ. मिनल रेडकर यांना द्यावे.

मिनलताई तेव्हा शेजारी भाड्याने राहत आणि या खेकड्यांवर प्रबंध लिहीत. नखाएवढे हे खेकडे प्रवाळाच्या फांद्यांत जोडीने राहतात, त्याचा चिकट स्राव खातात आणि प्रवाळ खायला आलेल्या तारामाशाला चिमटे काढून हुसकावतात. कोणता खेकडा कोणत्या प्रजातीचा, हे बरेचदा जिवंतपणीच्या रंगावरून ठरते. बाटलीतल्या अल्कोहोलमध्ये तो रंग उडतो, आणि फोटोतल्या रंगावर ताईंचा भरवसा नव्हता. २००८ साली जिवंत खेकड्यांचा रंग कार्डांशी जुळवायला त्या मला लक्षद्वीपला घेऊन गेल्या. कॉलेज न पाहिलेल्या बाईचे नाव त्यांनी प्रबंधात घातले, तेही आभारांत नव्हे, कामाच्या पद्धतीच्या प्रकरणात. मी हे विसरलेले नाही.

४. आता चूक. बाटली एकतीसमध्ये एका प्रवाळावरची जोडी आहे. दोघांची शेड एकच होती. मादीच्या पायांवर मात्र बारीक तांबडे ठिपके होते. पेंट शॉपमध्ये हातभर अंतरावरून न दिसणारा ठिपका म्हणजे धूळ, तो पास करायचा असतो. मी पास केला.

"कस्तुराबाई, दोन्ही एकच ना?" ताईंनी विचारले.

"एकच लॉट," मी म्हणाले.

कच्च्या वहीत ठिपके काढले होते, पक्क्या वहीत उतरवले नाहीत. पुढच्याच वर्षी ताईंनी वाचायला दिलेल्या लेखातल्या चित्रात तेच ठिपके दिसले. ती वेगळ्या प्रजातीची खूण होती. ताईंच्या प्रबंधातला एक परिच्छेद माझ्या त्या शब्दावर उभा आहे. सोळा वर्षे मी फोनवर तब्येतीचेच बोलते. माझ्या माघारी हे कलम त्यांना वाचून दाखवावे.

५. दिपालीने मजकूर तपासायला घेतला आणि चौथ्या कलमाशी थांबली. "आई, मेल्यावर सांगणार? मग त्यांना काही विचारायचं असलं तर कुणाला विचारतील?" तिने फोन लावून माझ्या हातात दिला. मी सगळे सांगितले.

"सोळा वर्षं, कस्तुराबाई?"

"हो ताई."

"ठिपके मोजलेत?"

"एकेका पायाचे. कच्च्या वहीत आहेत."

"अशी दोन प्रजातींची जोडी क्वचित मिळते. आणि तुम्ही ती धूळ म्हणून सोडलीत!" मग आवाज खाली आला. "माझा परिच्छेद मी दुरुस्त करते. लेबलं तुम्ही लिहा. बाटलीवरच्या जुन्या लेबलावर अक्षर तुमचंच आहे."

म्हणून कलम ४ मधली शेवटची सूचना रद्द समजावी. दोन लेबले लिहून सोबत जोडली आहेत. नर आणि मादी वेगळ्या बाटल्यांत ठेवावेत. दोन्ही लेबलांवर शेवटची ओळ मात्र जुनीच ठेवली आहे: एकाच प्रवाळावर, सोबत सापडले.

ती ओळ तेव्हाही बरोबर होती.

सही: कस्तुरा कोंडीराम ओव्हाळ

कस्तुराबाईंनी आमच्यादेखत, चष्मा लावून, सही केली:
१. धम्मरत्न साळवे, शेजारी
२. गोजाबाई कांबळे, शेजारी

दापोडी, १६ नोव्हेंबर २०२५