मनमाडमार्गे अकरावा नंबर

देऊळगाव राजा,
दसऱ्याचा दुसरा दिवस

राजमान्य राजेश्री भगवंतराव व्याही, मुक्काम लोणार, यांना गुलाबराव लिंबूवाल्याचा दोन्ही हात जोडून रामराम.

आपला दमा थंडीच्या तोंडावर उठला नसेल अशी आशा आहे. विहीणबाई अन्नपूर्णाबाईंच्या गुडघ्यांना मोहाच्या तेलानं उतार पडला का, ते कळवावं. जावई रंगराव धडधाकट असतीलच (ते आजारी पडावेत असं मला वर्षातून एकच दिवस वाटतं, आणि नेमके त्याच दिवशी ते गोलात भिंतीसारखे उभे राहतात). आमच्या लेकीला, चांगुणाला, आमचे दोघांचे आशीर्वाद. पाकिटात आपट्याची पानं घातली आहेत, ती सोनं म्हणून मान्य करून घ्यावी. चुरगळलेली दिसली तर समजून घ्या की पत्र रागात लिहिलं आहे. मुलीकडच्यानं पत्रातसुद्धा आवाज चढवू नये हे मला समजतं, आणि जावयाचे पाय मी याच हातांनी धुतले तेही विसरलेलो नाही. पण हा राग तुमच्यावर नाही. म्हणजे थोडा आहे, तो पुढं येईल. आधी नागपूरकरांचं पाहू.

कॉलेजांच्या फुटबॉलचे गट नव्यानं पाडले, हे तुमच्या कानावर आलंच असेल. मराठी राज्य झालं तेव्हा या गावात पेढे वाटणाऱ्यांत मी पुढं होतो. त्या वेळी वाटलं, चला, आता सगळं जोडून झालं. पण जोडणाऱ्यांचे हात रिकामे बसले की ते मोडायला घेतात, हे लक्षात आलं नाही. नागपूरच्या खेळ मंडळाची बैठक झाली, तिला आमचे पी. टी. मास्तर पंजाबराव गेले होते. (हेच ते पंजाबराव, कामठीला फुटबॉल शिकून आले आणि आमच्या हुतूतू खेळणाऱ्या पोरांना चेंडू मारायला लावलं. आधी गावानं त्यांना वेड्यात काढलं, नंतर गावच वेडं झालं.) तर बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक नकाशा टांगलेला. तो निघाला रेल्वेचा! त्यात ना देऊळगाव राजा, ना लोणार, ना आपला अर्धा जिल्हा. साहेबांनी विचारलं, हे देऊळगाव राजा कुठं येतं? पंजाबराव भोळा माणूस, म्हणाले, जालन्याजवळ. झालं. साहेबांची पेन्सिल जालना स्टेशनवर पडली आणि आम्ही रेल्वे गटात गेलो. मलकापूर, खामगाव, अकोला, बडनेरा हे आता आमचे भाऊबंद. पंजाबराव परत आले ते तोंड पाडूनच. म्हणाले, "म्या सांगतलं त्याहीले, साहेब, आमच्या गावाले रूळच नाही. तं ते म्हने, जालन्याले हाये ना? मंग काऊन कटकट करून राह्यले?" आणि तुमचं लोणार कोणत्याच रुळाजवळ नाही, म्हणून तुम्ही मोटार गटात, रिसोड, मेहकर, पुसदबरोबर. देऊळगाव राजा विरुद्ध लोणार हा सामना यापुढं नाही. मंडळाच्या हिशेबी आपण एकमेकांचे कोणी लागत नाही.

आता मला सांगा व्याही, या मूर्खांना त्या सामन्यातलं काय कळणार? दसरा झाला की या गावात दुसरा विषय नसतो. एक वर्ष आम्ही तुमच्याकडे, एक वर्ष तुम्ही आमच्याकडे. तुमचं मैदान तळ्याच्या काठाला, तुम्ही एका गोलानं पुढं असलात की तुमची पोरं चेंडू मुद्दाम खाली विवरात घालतात, आणि तो वर येईपर्यंत सूर्य मावळतो. (मुद्दाम नव्हे, हे तुम्ही म्हणाल. दरवर्षी म्हणता.) अशाच एका सामन्यात मी तुमच्या गोलकीपरला तासभर जाहीर शिव्या घातल्या, त्यानं एक शब्द उलट काढला नाही, शेवटी माझ्याच टोपलीतलं लिंबू मागून घेतलं, आणि घरी येऊन मी आमच्या घरच्या सत्यभामाबाईला म्हटलं, पोरगा सोन्यासारखा आहे. पुढचं तुम्हाला माहीत. ज्या वर्षी तुमची टीम इकडे येते, त्या वर्षी टीमच्या गाडीतून चांगुणा येते आणि दोन दिवस माहेरी राहते. ज्या वर्षी आम्ही तिकडे, त्या वर्षी ती विहीणबाईंच्या छकड्यात बसून मैदानाच्या कडेला येते आणि हाफटाइमला मला भेटते. नातवंड होईपर्यंत मी तुमच्या घरचं पाणी घेऊ शकत नाही, पण कॉलेजच्या माठातलं चालतं, असा मी माझ्यापुरता निर्णय लावून घेतला आहे. दिवाळीला म्हणावं तर तुमच्याकडे कापसाची वेचणी लागते, सुनेला कोण सोडणार? न्यायला मुराळी धाडावा तर तिला पाठचा भाऊ नाही. व्याही, ती फुटबॉलची टीम हीच माझ्या पोरीची मुराळी होती. यंदा पाळी आमच्या गावाची होती. घर सारवून तयार आहे, आणि येणार कोण, तर बडनेरा!

असो. रागात विषय सुटला. मलकापूरची हकिगत सांगतो, म्हणजे नव्या गटांचा न्याय कळेल. इथून मलकापूरला जायचं म्हणजे सकाळी एस. टी.त बसायचं, बुलढाण्याला भजी खायची, घाट उतरायचा, की मलकापूर. माझी सासुरवाडी त्याच वाटेवर आहे, मी झोपेत जाऊ शकतो. पण रेल्वे गटातल्या टीमला मंडळ फक्त रेल्वेचं भाडं देणार. म्हणून आमची पोरं, पंजाबराव आणि हाफटाइमला पोरांना चोखायला घेतलेल्या लिंबाच्या गोणीसकट मी, आधी उलट्या दिशेनं जालन्याला गेलो, तिथून छोट्या गाडीनं औरंगाबादवरून मनमाडला, आणि मनमाडला मोठ्या गाडीची वाट पाहत बसलो, की ती आम्हाला भुसावळवरून फिरवून मलकापुरात नेऊन सोडणार. उत्तरेला पाच हातांवर असलेल्या घरी जायला माणसानं दक्षिणेच्या दारानं बाहेर पडून सगळ्या गावाला वळसा घालावा, तसं. मनमाडला गाडी उशिरा होती. किती उशिरा ते स्टेशनमास्तरलाही माहीत नव्हतं. मी गोणीवर बसलो होतो, तर येणारा-जाणारा लिंबाचा भाव विचारी. एका तिकीट तपासनिसानं तर विक्रीचा परवाना मागितला. मी त्याला फुटबॉलचा अर्थ समजावून सांगत होतो, तेवढ्यात पोरांनी फलाटावर अंग मोकळं करायला चेंडू काढला. आमच्या सेंटर फॉरवर्डनं (ज्याला लोणारच्या मैदानावर समोरचा गोल तीन वर्षांत सापडला नाही) असा काही नेम धरला, की चेंडू समोर उभ्या असलेल्या गाडीच्या खिडकीतून सरळ आत. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा गाडी हलली होती. चेंडू मुंबईला गेला. विदर्भाचं सगळं मुंबईला जातं म्हणतात, ते मी तोवर राजकारण समजत होतो.

मलकापूरला पोचलो तेव्हा मैदानात शेळ्या चरत होत्या. सामना आदल्या दिवशीच होता. पंचांनी आम्हाला गैरहजर मांडलं, मलकापूरला तीन गोलांनी विजयी केलं आणि ते घरी गेले. तिथल्या मंडळींनी चहा दिला, वाईट वाटतं म्हणाले, पण गुण परत द्यायची गोष्ट काढली की चहाच पुढं करीत. परत येताना मात्र मी ऐकलं नाही. सरकीच्या पेंडीचा एक ट्रक चिखलीवरून आपल्याच गावाकडे निघाला होता, सगळी टीम पोत्यांवर बसवली, आणि दुपारी निघून दिवेलागणीला आम्ही घरी. जाताना दोन दिवस, येताना एक दुपार. पंजाबरावांनी हे मंडळाला लिहून कळवलं. उत्तर आलं, की ट्रकचा प्रवास नियमात बसत नाही, खुलासा करावा.

आता क्रमवारीकडे येतो. (इथं तुमच्यावरचा थोडा राग सुरू होतो, पाणी पिऊन घ्या.) अकोल्याचं एक साप्ताहिक दर आठवड्याला कॉलेजांचे नंबर छापतं. परवाच्या अंकात लोणार दुसरं. दुसरं! तुमच्या पोरांनी यंदा चेंडूला पाय लावलेला नाही. रिसोडची टीम पुरात अडकली, मेहकरची बस बंद पडली, पुसदची निघालीच नाही. तुम्ही मैदानात बसून भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या आणि प्रत्येक वेळी तीन गोलांनी जिंकलात. आणि देऊळगाव राजा अकरावं. एक वेळ तेही गिळलं असतं, पण नवव्या नंबरवर सोनाळा! व्याही, सोनाळ्याला कॉलेज नाही. मी माझ्या मनाची खात्री केली, चार जणांना विचारलं. नाही.

हे सहन होईना म्हणून मी अकोल्याला गेलो. नंबर लावणारा एक नाजूक, चष्मेवाला पोरगा निघाला. फार अदबीनं बोलला, खुर्ची दिली. मी विचारलं, भाऊ, तुम्ही सामने पाहता का? तो म्हणाला, सामने पाहिले की मन एका बाजूला झुकतं, म्हणून मी निकालच पाहतो. बरं, सोनाळा कसं आलं? तर कुठल्याशा पुढाऱ्यानं तिथं कॉलेज निघणार असं भाषणात सांगितलं होतं, म्हणून मंडळानं नाव आधीच घालून ठेवलेलं, आणि "सोनाळ्याची टीम आजवर एकही सामना हरलेली नाही, हे तुम्हालाही मान्य करावं लागेल." ते मला मान्य करावं लागलं. पण तुम्हाला हरवलं होतं आम्ही गेल्या साली, दोन-एकनं, तुमच्याच मैदानावर, त्याचं काय? तो म्हणाला, ते जुन्या गटातलं, ते धरत नाहीत. गेल्या साली त्या दुसऱ्या गोलाला आमची चांगुणा सासूशेजारी छकड्यात उभी राहून "देऊळगाव!" म्हणून ओरडली होती, आणि विहीणबाई आठवडाभर तिच्याशी बोलल्या नव्हत्या. आणि हा म्हणतो, धरत नाहीत! ही क्रमवारी मी मेलो तरी मानणार नाही. माझ्या तेराव्यालाही कुणी लोणार दुसरं म्हटलं, तर पान उलटून टाकावं.

म्हणून विनंती अशी, की तुम्ही तुमच्या कॉलेजच्या कमिटीवर आहात, मंडळाला ठणकावून लिहा. आम्हाला असा दुसरा नंबर नको, आम्हाला देऊळगाव राजा पाहिजे, असं. मर्दासारखं लिहा. आमच्याकडून हरायची भीती वाटत असेल तर गोष्ट वेगळी.

विहीणबाईंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. लिहिण्यात अधिकउणं झालं असेल तर ते या गुलाबरावाचं नव्हे, अकराव्या नंबरचं समजावं.

आपला व्याही (आणि यंदाही विरोधी),
गुलाबराव

ता. क. : मंडळाच्या उत्तराची वाट कशाला पाहायची? येत्या रविवारी टीम घेऊन सरळ इकडे या. गुण नाहीत, गट नाही, पंच आपलाच कोणी. सरबत माझ्याकडे. चांगुणाला नेहमीसारखं गाडीत बसवा.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार तोच पंजाबराव आले. गटाबाहेर सामना खेळलेल्या टीमचं नाव मंडळ वर्षभरासाठी काढून टाकतं म्हणे. पोरांचं नुकसान करायचं नाही. तेव्हा वरचा ता. क. वाचू नये.

ता. क. तिसरा : पत्र सत्यभामाबाईला वाचून दाखवलं. ती चुलीपुढून उठून आली आणि म्हणाली, "एवढं रामायण लेहलं, अन् पोरीले धाडा, एवढं लेहाले तुमचा हात काऊन दुखून राह्यला?" मग डोळ्याला पदर लावून पुन्हा चुलीपाशी गेली. तर लिहितो. व्याही, दिवाळीला चांगुणाला चार दिवस पाठवा. वेचणीला हात कमी पडत असतील तर माझ्या बागेतल्या दोन बाया धाडतो, त्यांची मजुरी माझ्याकडे. मुराळी म्हणून मीच येतो. तुमच्या ओट्यावर बसेन, पाणी मागणार नाही, फुटबॉलचं नाव काढणार नाही. तुमचं लोणार दुसरं आहे, आम्ही अकरावे आहोत, सोनाळा आमच्या पुढं आहे. सगळं मान्य, म्हणाल तिथं सही करतो. पोरीला पाठवा.